दिवसाचा कामकाजक्रम आणि विधेयकाचे भवितव्य : मुंबई विधिमंडळातील महार वतन व खोती निर्मूलन विधेयकांच्या संदर्भात

बीजशब्द : विधिमंडळ, अशासकीय विधेयक, कामकाजक्रम, महार वतन, खोती पद्धती, प्रवर समिती.

प्रस्तावना

विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते, हा राज्यशास्त्र व आधुनिक भारताचा इतिहास या दोन्ही विषयांच्या अभ्यासक्रमातील एक ठरलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तरही ठरलेले आहे. विधेयक पुरःस्थापित होते, त्याचे पहिले, दुसरे व तिसरे वाचन होते, दुसऱ्या सभागृहात त्याच पायऱ्यांची पुनरावृत्ती होते आणि राज्यपालांच्या संमतीनंतर ते राजपत्रात प्रसिद्ध होते. विद्यार्थी हे पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. हे उत्तर चुकीचे आहे असे नाही. मात्र त्यात काळाला स्थान नाही. एका वाचनापासून दुसऱ्या वाचनापर्यंत विधेयक आपोआप सरकत असावे, असा समज त्यातून निर्माण होतो. प्रत्यक्षात विधेयक सरकत नाही, ते सरकवावे लागते; आणि ते कोणत्या दिवशी, किती वाजता व कोणत्या विषयानंतर सभागृहापुढे येईल हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्या हाती विधेयकाचे बरेचसे भवितव्य असते.

प्रस्तुत लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात १९२८ व १९३७ साली मांडलेल्या दोन विधेयकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. ही दोन्ही विधेयके अशासकीय होती व दोन्हींचा कायदा झाला नाही. त्यांतील आशयाची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु सभागृहाच्या दैनंदिन कामकाजात या विधेयकांचे काय झाले, या अंगाने त्यांच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

सभागृहाचा एक दिवस

इतिहासाकडे वळण्यापूर्वी आजच्या सभागृहाचा दिवस कसा असतो हे पाहणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्र विधानसभेच्या प्रत्येक बैठकीसाठी 'दिवसाच्या कामकाजाचा क्रम' छापून सदस्यांना दिला जातो. सर्वसाधारणपणे प्रारंभी प्रश्नोत्तरांचा तास असतो. त्यानंतर कागदपत्रे सभागृहासमोर ठेवली जातात, औचित्याचे मुद्दे व स्थगन प्रस्तावाच्या सूचना उपस्थित होतात, लक्षवेधी सूचना घेतल्या जातात आणि मग शासकीय विधेयकांची पाळी येते. नियम २९३ अन्वये होणारी चर्चा, अर्धा तास चर्चा, पुरवणी मागण्या, अधिवेशन संपत आल्यावर येणारा अंतिम आठवडा प्रस्ताव या सर्वांना याच मर्यादित वेळेत जागा करून द्यावी लागते. कोणत्या विषयाला किती वेळ द्यावयाचा हे कामकाज सल्लागार समिती सुचविते. अशासकीय विधेयके व ठराव यांच्यासाठी शुक्रवारचा उत्तरार्ध राखून ठेवण्याचा प्रघात आहे. शुक्रवारी दुपारी बरेच सदस्य आपापल्या मतदारसंघांच्या वाटेला लागलेले असतात, हे विधिमंडळाचा परिचय असलेल्या कोणासही ठाऊक आहे.

या क्रमपत्रिकेवर विधेयक तीन निरनिराळ्या शब्दांनी ओळखले जाते : पुरःस्थापनार्थ, विचारार्थ आणि संमत करण्यासाठी. पुरःस्थापना बहुधा चर्चेविना होते. 'विधेयक विचारात घेण्यात यावे' हा प्रस्ताव मांडला गेला म्हणजे विधेयकाच्या तत्त्वावर भाषणे होतात, त्यानंतर खंडशः विचार होतो, सुधारणा मांडल्या जातात आणि आवाजी मतदानाने एकेक खंड विधेयकाचा भाग होतो. २८८ सदस्यांच्या विधानसभेत गणपूर्तीसाठी किमान २९ सदस्य पुरतात. मंत्र्यांच्या विधेयकाला एखाद्या दिवशी वेळ मिळाला नाही तर ते दुसऱ्या दिवशीच्या क्रमपत्रिकेवर पुन्हा येते. सदस्याच्या विधेयकाला मात्र पुढच्या योग्य शुक्रवारची वाट पाहावी लागते. आणि तोपर्यंत अधिवेशन संस्थगित झाले तर पुढच्या अधिवेशनाची.

शासकीय विधेयकही अशा प्रतीक्षेतून सुटत नाही, याचे अलीकडचे उदाहरण जादूटोणाविरोधी कायद्याचे आहे. हे विधेयक विधानसभेने डिसेंबर २००५ मध्ये संमत केले. विधान परिषदेत त्यावर निर्णय झाला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९७ नुसार परिषदेने तीन महिन्यांत विधेयक संमत केले नाही तर विधानसभेला ते पुन्हा संमत करता येते, व त्यानंतर परिषद ते जास्तीत जास्त एक महिना अडवू शकते. या तरतुदीचा आधार घेतला गेला नाही. २००९ मध्ये विधानसभा विसर्जित झाली आणि अनुच्छेद १९६ प्रमाणे विधेयक व्यपगत झाले. त्यासाठी सतत पाठपुरावा करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. याच्या उलट टोकाला २९ नोव्हेंबर २०१८ हा दिवस आहे. सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातून मराठा समाजाला आरक्षण देणारे विधेयक त्या एका दिवसात दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केले. (तो कायदा पुढे ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला, ही बाब वेगळी.) दोन्ही प्रसंगी नियम तेच होते, पायऱ्याही त्याच होत्या. फरक होता तो वेळ देण्याच्या इच्छेत.

२००५ ते २००९ या काळात परिषदेने ते विधेयक फेटाळले असते, तर कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद राहिली असती. ते फेटाळले गेले नाही, संमतही झाले नाही; त्यामुळे जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. हा अनुभव आपल्या विधिमंडळाला नवा नाही. त्याची मुळे ब्रिटिशकालीन कौन्सिलच्या घडणीत सापडतात.

कौन्सिलची घडण

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टनुसार स्थापन झालेल्या मुंबई कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. गव्हर्नर हाच अध्यक्ष होता आणि कौन्सिलला कायदे करण्यापलीकडे काहीही करण्याची मुभा नव्हती. प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ नंतर, तर ठराव मांडण्याचा हक्क १९०९ नंतर मिळाला. म्हणजे आज ज्या क्रमाने सभागृहाचा दिवस सुरू होतो, त्यातील प्रश्नोत्तरे हा भाग इतिहासदृष्ट्या विधेयकांनंतरचा आहे.

१९१९ च्या कायद्याने कौन्सिलमध्ये किमान सत्तर टक्के सदस्य निर्वाचित असावेत असे ठरविले. सर नारायण चंदावरकर हे नव्या कौन्सिलचे पहिले अध्यक्ष झाले. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, स्थानिक स्वराज्य यांसारखी खाती सोपीव झाली व ती मंत्र्यांकडे आली. जमीनमहसूल मात्र राखीव राहिला. राखीव खात्याचा सभासद गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचा असे व तो कौन्सिलला जबाबदार नसे. याखेरीज दोन बंधने होती. प्रांताच्या महसुलावर परिणाम करणारे विधेयक मांडावयाचे तर गव्हर्नरची पूर्वपरवानगी लागे. आणि अशासकीय कामकाजासाठी किती दिवस द्यावयाचे हे सरकारी कामाची स्थिती पाहून गव्हर्नरने ठरवावयाचे होते. उरलेल्या दिवशी सरकारी कामच चाले. जे थोडे दिवस मिळत, त्यांतही कोणाचे विधेयक आधी घ्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरे. निवडून आलेल्यांचे बहुमत असलेल्या सभागृहाच्या घड्याळाचा काटा अशा रीतीने सभागृहाबाहेर होता.

तरीही अशासकीय विधेयके मुळीच संमत होत नसत असे म्हणता येत नाही, आणि येथे घाईने निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. विठ्ठलभाई पटेल यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मुंबई कौन्सिलने संमत केले व ते १९१८ चा पहिला कायदा म्हणून अमलात आले. त्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. सक्ती केली नाही. गिरणी कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात रजा व भत्ता मिळावा यासाठीचे आसवले यांचे विधेयकही अशासकीयच होते. त्याच्या पहिल्या वाचनाला डॉ. आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये पाठिंबा दिला व त्याचा १९२९ मध्ये कायदा झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन यशांमध्ये एक साम्य आहे. पहिल्यात खर्चाचा निर्णय नगरपालिकांवर सोपविलेला होता, दुसऱ्यात भार गिरणीमालकांवर होता. महसूल खात्याच्या गावपातळीवरील यंत्रणेला यांपैकी कशानेही धक्का लागत नव्हता.

महार वतन विधेयक

डॉ. आंबेडकर यांची मुंबई कौन्सिलवर नियुक्त सदस्य म्हणून निवड झाली व त्यांनी फेब्रुवारी १९२७ मध्ये शपथ घेतली. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांसंबंधीच्या मुंबई कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. हेच महार वतन विधेयक म्हणून ओळखले जाते.

वतनाचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय या विधेयकाचे महत्त्व कळणार नाही. महार हा गावचा वतनदार चाकर. सरकारी टपाल व निरोप पोहोचविणे, चावडीवर रयतेला बोलावणे, शिवेची राखण, खजिन्याची सोबत, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराची सरबराई अशी कामे त्याच्याकडे असत. या कामांना वेळेचे बंधन नव्हते. घरचा कर्ता पुरुष हजर नसेल तर घरातील दुसऱ्या कोणालाही राबविता येई. मोबदला तीन वाटांनी मिळे : वतनी जमिनीचा तुकडा, रयतेकडून मिळणारे बलुते, आणि कोठे कोठे सरकारकडून अगदी अल्प रोख वेतन. जमीन पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी तुकड्यातुकड्यांची झालेली, आणि बलुते देणे न देणे रयतेच्या मर्जीवर. परंपरेने बावन्न हक्क सांगितले जात, पण हक्क वसूल करण्याचे साधन नव्हते. गावाशी वाद झाला की बलुते बंद होई. सरकारचे काम मात्र बंद करता येत नसे, कारण ते कायद्याने बांधलेले होते. मेलेली ढोरे ओढण्याचे सोडून देणाऱ्या, सार्वजनिक पाणवठ्यावर हक्क सांगणाऱ्या महारांविरुद्ध गावाच्या हातातील हत्यार होते ते हेच. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर वतनाचा प्रश्न आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' मधून सातत्याने मांडला, त्याचे कारण यात आहे.

विधेयकाची मांडणी सरकारला सर्वस्वी अमान्य व्हावी इतकी टोकाची नव्हती. ज्या वतनदारांना सेवेतून मुक्त व्हावयाचे असेल त्यांना जमिनीचा पूर्ण सारा भरून ती कायम राखता यावी, बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे व ती रक्कम साऱ्याबरोबर सरकारने वसूल करून द्यावी, चाकरांची कामे कोणती हे निश्चित व्हावे, अशा त्यातील मुख्य तरतुदी होत. बलुते रयतेच्या मर्जीतून काढून सरकारी वसुलीत घालणे हा त्यातील कळीचा भाग म्हणावा लागेल. एका बाजूने त्यामुळे गावाची पकड सुटत होती. दुसऱ्या बाजूने, ज्या चाकरीसाठी सरकार जवळजवळ काहीच देत नव्हते, तिचा हिशेब सरकारच्या दप्तरात येत होता.

आता या विधेयकाचा सभागृहातील प्रवास पाहू. मार्चमध्ये विधेयक मांडले गेले तेव्हा मुंबईतील अधिवेशन चालू होते आणि मार्च हा अंदाजपत्रकाचा महिना. कौन्सिलच्या पावसाळी बैठका पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत. तेथे ऑगस्ट १९२८ मध्ये पहिल्या वाचनाची चर्चा झाली, म्हणजे मांडणी व पहिले वाचन यांत चार-साडेचार महिने गेले. चर्चेनंतर विधेयक प्रवर समितीकडे गेले. प्रवर समिती ही वाचनांच्या आराखड्यात एका रेषेने दाखविली जाते, परंतु पुष्कळ विधेयकांचे खरे आयुष्य तेथेच जाते. सभागृहात बोललेले शब्द कार्यवाहीच्या खंडांत छापले जातात. समितीच्या खोलीत झालेल्या देवघेवीतून फक्त अहवाल बाहेर येतो. तत्त्वाला संमती देऊन तपशिलात ते तत्त्व काढून घेण्याची सोय समितीत असते. २४ जुलै १९२९ रोजी, मांडणीनंतर सोळा महिन्यांनी, आंबेडकरांनी विधेयक मागे घेतले.

मागे घेतलेल्या विधेयकावर मतदान होत नाही. त्यामुळे सरकारी बाके, जमीनदारांचे प्रतिनिधी व निर्वाचित सदस्य यांपैकी कितीजण अखेरीस त्याच्या विरुद्ध उभे राहिले असते, हे कोणत्याही आकड्याने सांगता येत नाही. या ठिकाणी नामदार गोखले यांच्या विधेयकाची तुलना मनात येते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याच्या दिशेने त्यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तो पराभव होता, पण मोजलेला पराभव होता. पुढे सहा वर्षांनी विठ्ठलभाईंना त्याचा निदान आधार घेता आला. महार वतनाच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

खोती निर्मूलन विधेयक

१९३५ च्या कायद्यानंतर चित्र पालटले. मुंबई प्रांतात १७५ सदस्यांची विधानसभा व तिच्याबरोबर वरिष्ठ सभागृह आले. जुलै १९३७ मध्ये पुण्यात विधानसभेची पहिली बैठक झाली, ग. वा. मावळंकर अध्यक्ष झाले व बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर होते. आंबेडकर आता नियुक्त सदस्य नव्हते. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे निवडून आलेले नेते होते. राखीव व सोपीव हा भेद प्रांतांतून संपला होता. जबाबदार सरकार आले म्हणजे सदस्याच्या विधेयकाला अधिक वाव मिळेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती पद्धती नष्ट करणारे विधेयक मांडले. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत आणि ठाणे जिल्ह्याच्या काही भागांत सरकार व कूळ यांच्यामध्ये खोत हा मध्यस्थ होता. तो गावचा सारा सरकारात भरे व कुळांकडून आपल्या हिशेबाने मक्ता वसूल करी. १८८० च्या खोती कायद्याने हे संबंध नियमित करण्याचा प्रयत्न केला होता, परंतु कुळाचे दैन्य हटले नव्हते. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप चालविला होता. आंबेडकरांच्या विधेयकात खोती नष्ट करून तेथे रयतवारी आणावी, खोतांना हक्कांबद्दल वाजवी भरपाई द्यावी व जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्यास १८७९ च्या जमीनमहसूल कायद्याखालील कब्जेदाराचा दर्जा द्यावा, असे सुचविले होते.

या विधेयकाच्या मार्गात पहिले दार सभागृहाच्या बाहेरच होते. १९३५ च्या कायद्याच्या कलम २९९ प्रमाणे जमिनीवरील हक्क नष्ट करणारे अथवा बदलणारे विधेयक गव्हर्नरच्या पूर्वपरवानगीविना मांडता येत नसे. ते दार ओलांडून विधेयक सभागृहाच्या मेजावर आले. नंतर ते जागचे हलले नाही. अशासकीय विधेयकांचे दिवस थोडे, त्यांवर हक्क सांगणारे पुष्कळ, आणि मंत्रिमंडळाने आपला वेळ देऊ केल्याशिवाय एवढ्या व्याप्तीचे विधेयक खंडशः विचारापर्यंत जाणे अशक्य. ही अडचण ओळखूनच की काय, १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेण्यात आला. बोटीने व पायी आलेल्या या कुळांच्या मागण्या आंबेडकरांनी मुख्यमंत्री खेर यांच्यापुढे ठेवल्या. या मोर्चाचे वर्णन सामान्यतः शेतकरी चळवळीचा एक टप्पा म्हणून केले जाते. त्याचा आणखी एक अर्थ आहे. क्रमपत्रिकेवर जागा न मिळालेले विधेयक रस्त्याने सभागृहाच्या दारापर्यंत आणले गेले होते.

त्याच वर्षी सरकारी विधेयक किती वेगाने जाऊ शकते हेही दिसून आले. संपापूर्वी सलोख्याची प्रक्रिया सक्तीची करणारे व त्याविना केलेला संप बेकायदा ठरविणारे औद्योगिक कलह विधेयक सप्टेंबर १९३८ मध्ये विधानसभेपुढे आले. आंबेडकरांनी त्यास सभागृहात कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. विधेयक वर्ष संपण्यापूर्वीच कायदा झाले. एका वर्षापूर्वी मांडलेले खोतीचे विधेयक तेव्हाही प्रतीक्षेतच होते. काँग्रेस मंत्रिमंडळाला शेतकऱ्यांविषयी आस्था नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या मंत्रिमंडळाने कूळकायद्याच्या दिशेने पावले टाकली होती. परंतु विरोधी बाकावरील सदस्याने सुचविलेल्या मूलगामी सुधारणेला आपल्या वेळातील काही दिवस देण्याइतकी ती आस्था विस्तृत नव्हती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. गव्हर्नरने प्रांताचा कारभार हाती घेतला आणि सभागृहाचे दिवसच थांबले. १९३७ मध्ये पुन्हा मांडण्यात आलेल्या वतनविषयक दुरुस्तीचीही तीच गत झाली. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. वतनी जमिनींवरील जुडी वाढविल्याबद्दल तीत निषेध करण्यात आला. दहा वर्षांपूर्वी वतनदारांचा मोबदला सुरक्षित करू पाहणारे विधेयक मागे घ्यावे लागले होते. आता सरकार उलट त्यांच्याकडूनच अधिक मागत होते.

उशिरा झालेले कायदे

खोती नष्ट करणारा मुंबईचा कायदा १९४९ चा असून तो १५ मे १९५० पासून अमलात आला. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात झाला व १ ऑगस्ट १९५९ पासून लागू करण्यात आला. दोन्ही विधेयके सरकारी होती. पहिल्याला मूळ मांडणीपासून बारा वर्षे लागली, दुसऱ्याला तीस. तो होईपर्यंत आंबेडकरांच्या निधनाला सुमारे दोन वर्षे लोटली होती. या तीस वर्षांत महारांच्या एका अख्ख्या पिढीने वतनाची चाकरी केली किंवा ती सोडून शहराची वाट धरली. उशिरा झालेला कायदाही मूळ विधेयकासारखा राहत नाही. भोगवट्याची रक्कम भरून जमीन पुन्हा प्रदान करण्याची व हस्तांतरणावर निर्बंध घालणारी पद्धत १९५८ च्या कायद्याने आणली, आणि त्यातून उद्भवलेले महार वतन जमिनींचे वाद महसुली दप्तरांत आजही संपलेले नाहीत.

खोतीचा कायदा मुंबईत झाला तेव्हा त्या मूळ विधेयकाचा प्रस्तावक दिल्लीत केंद्रीय विधिमंत्री होता. विरोधी सदस्य म्हणून क्रमपत्रिकेवर जागा न मिळणे समजण्यासारखे आहे. मंत्र्याला तरी ती हमखास मिळते काय, याचे उत्तर हिंदू कोड बिलाच्या इतिहासात आहे. एप्रिल १९४८ मध्ये ते प्रवर समितीकडे गेले. नंतरची तीन वर्षे त्याची चर्चा तुकड्यातुकड्यांनी झाली. ऑगस्ट १९५१ मध्ये प्रकृती ढासळत असल्याचे कळवून आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले, की हे विधेयक त्याच महिन्याच्या मध्यास घेण्यात यावे, म्हणजे सप्टेंबरच्या प्रारंभी ते पुरे होईल. विधेयक प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये घेतले गेले, तेही विवाह व घटस्फोटाच्या भागापुरते. चार खंड संमत झाले आणि वेळ नाही या कारणाने ते बाजूला ठेवण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

राजीनाम्याबाबतचे निवेदन ते ११ ऑक्टोबर रोजी संसदेत करणार होते. त्याची प्रत आगाऊ द्यावी व निवेदन सायंकाळी सहा वाजता करावे, असे पीठासीन उपाध्यक्षांनी सांगितले. आंबेडकर सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदनाच्या प्रती त्यांनी वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना दिल्या.